मिशीआडचा हुकूम

मिलच्या साचेखात्यात रोज झाडू मारला तरी साच्याखाली रुई साठतेच. किश्श्यांचं तसंच आहे. जमवायला कुणी जात नाही. जुने चार गडी चहाला बसले की आपोआप निघतात. हा किस्सा ऐकून हसू आलं तर हसा. आम्हीही तेव्हा हसलो होतो.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरची गोष्ट. माधवनगरच्या एका मिलमध्ये मी विणकर होतो. विणायच्या मागाला आम्ही साचा म्हणायचो. सगळे साचे चालू झाले की कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही. म्हणून आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखायचो.

आमचे जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, दौलूनाना, उंब्रजचे. ते ओठही हलवायचे नाहीत. ज्याचं काम बिघडलं त्याच्या साच्यावर पंजा पसरून ठेवायचे आणि उभे राहायचे. बस्स! माणूस आपोआप सुधारायचा. खांबाजवळच्या त्यांच्या स्टुलावर दुसरा कुणी बसत नसे.

एका रविवारी नाना घरीच वारले. सोमवारी आम्हाला वाटलं, आज जरा सैल मिळेल. उलट सगळे वेळेआधी हजर! त्या आठवड्यात कापड वाढलं.

शनिवारी साचे थांबल्यावर विव्हिंग मास्तर खूश होऊन म्हणाले, "जॉबर नसताना प्रॉडक्शन वाढतंय! मग जॉबर पाहिजेच कशाला?"

म्हातारा बाबू विणकर तुटलेला धागा जोडत होता. मान वर न करता म्हणाला, "नसताना? आसं कोन म्हनलं?"

*

तरी नवा जॉबर आला. म्हसवडचा, फौजेतला रिटायर हवालदार. छाती पुढं, मिशी खालच्या ओठापर्यंत. तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवला होता. खातं सांभाळलं तर कायम, नाहीतर घरी.

"गावाला सांगून आलोय, आख्खं खातं माझ्या हाताखाली हाय," तो म्हणाला. "आता रिकाम्या हातानं म्हसवडला पाय ठेवनार न्हाई!"

पहिल्याच दिवशी त्यानं शिट्टी मारली. कुणाला ऐकू जाणार? गाल दुखेपर्यंत फुंकत राहिला.

"मिलिटरीत ह्या शिट्टीवर पलटन थांबती!" जेवायच्या सुट्टीत तो तणतणला.

"पलटनीत साचं नसतील, साहेब," बाबू म्हणाला. आम्ही लय हसलो.

*

शिट्टी गेली, तोंडी हुकूम आले. पण मिशीमुळं ओठ दिसेनात. काय सांगतोय, कळेना. आम्ही अंदाजानं काम करायचो.

एकदा तो आमच्यातल्या शंकर विणकराला काहीतरी म्हणाला. शंकरनं खटकन साचा बंद केला.

हवालदार लाल झाला. शंकरला ओढत बाहेर नेलं. "बंद कर कोन म्हनलं तुला?"

"तुमीच की!"

"मी म्हनलं, सुताची कांडी बदल!"

मास्तरांनी साचा तपासला. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचं टोक चिरलं होतं. आणखी चार फेरे झाले असते तर धोटा उडून शंकरचा डोळा गेला असता.

हवालदारानं मिशीवर हात ठेवला. "मी कांडीच म्हनलो रं," एवढंच पुटपुटला.

*

मग एकदा जेवायच्या सुट्टीत, साचे बंद असताना, लेबर ऑफिसर खात्यात आले. कोट, चष्मा. कामगार कामावर सुखी आहेत का, साहेब लोक कसे वागवतात, हे विचारायला.

"जॉबर कसा आहे?" त्यांनी शंकरला विचारलं.

"कडक हाय. पर न बोलता चूक वळखतो."

शेजारी उभा हवालदार ताठ झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणी त्याला चांगलं म्हणालं होतं.

"कोणता तुमचा जॉबर? दाखवा."

शंकरनं हात केला. हवालदाराकडं नाही. खांबाजवळच्या रिकाम्या स्टुलाकडं.

ऑफिसर म्हणाले, "बरं, बरं. जेवायला गेलेत वाटतं!"

*

त्यानंतर हवालदार वाळत चालला. एके दिवशी त्याची बायको भाकरी घेऊन गेटावर आली. मला बाजूला बोलावलं.

"आवं भावजी, मिलमध्ये ह्यास्नी कुनी काय केलंय का?"

"का? काय झालं?"

"घरी बोलतच न्हाईत. भूक लागली की चुलीजवळ येत्यात. भांड्यावर आसा पंजा पसरत्यात, अन् नुसतं हुबं ऱ्हात्यात. मला लय भ्या वाटतं."

हवालदारानं दौलूनानांना जन्मात कधी पाहिलं नव्हतं. आणि नानांची ती सवय त्याला आम्ही कुणी सांगितली नव्हती. मी सगळ्यांना विचारून खात्री केली.

"उन्हाचा तरास आसंल," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार!

*

बोलीचा शेवटचा दिवस. हवालदार मिशी काढून आला!

फौजी माणसानं मिशी काढायची म्हणजे काय, ते आमच्याकडं सांगावं लागत नाही. कुणी हसलं नाही. वरचा ओठ पांढराफटक दिसत होता. पण त्या दिवशी त्याचा शब्दन् शब्द आम्हाला कळला. कांडी म्हणाला की कांडी, पट्टा म्हणाला की पट्टा. खातं सुतासारखं चाललं. दुपारी मास्तर स्वतः आले, त्याच्या पाठीवर थाप मारली. "उद्यापासून तुम्ही कायम!"

हवालदाराचे डोळे भरले. "आता कळतंय न्हवं रं माझं बोलनं?" त्यानं ओठांनी विचारलं. आम्ही माना हलवल्या.

तेवढ्यात लाईट गेली. साचे एकेक करत थांबले. वरच्या काचांतून ऊन येत होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. खातं इतकं शांत झालं की स्वतःचा श्वास ऐकू यावा.

हवालदार मधल्या वाटेत उभा होता. त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

आमची जिंदगी ओठ वाचण्यात गेलेली. सगळ्यांनी एकच वाचलं.

'ह्याला गावाकडं जाऊ द्या रं.'

ओठ मिटले. हवालदार दचकला, आमच्या तोंडांकडं बघू लागला.

"आसं काय बघताय?" आता त्याचा खणखणीत आवाज आला. "कोन काय बोललं का?"

बाबूनं खांबाजवळच्या स्टुलाकडं बघत डोक्यावरची टोपी काढली.

"बोललं, साहेब. पर तुमच्याशी न्हाई. आमच्याशी."