कडेच्या पेशी

फोटो मला पत्रकासाठी हवा होता. एवढंच. पण मायक्रोस्कोपखाली भलतंच दिसलं.

इकडे तमिळ मुलखात, अड्यारमधल्या आमच्या लॅबमध्ये भ्रूणातल्या मूळ पेशींपासून डोळ्याच्या पेशी बनवतात. मूळ पेशी म्हणजे अजून काहीच न ठरलेली पेशी. ती हृदयाची होईल, हाडाची होईल, डोळ्याची होईल. आम्ही तिला ठरावीक रसायनं देऊन डोळ्याच्या पडद्यामागची तपकिरी पेशी बनवतो. ही पेशी झिजली की माणसाला समोरचं दिसेनासं होतं. आमची पहिली बॅच शुक्रवारी हॉस्पिटलला जायची होती. रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक माझ्याकडे आलं होतं, कारण कोल्हापुरात कॉलेजात असताना भोंदू औषधांविरुद्धची पत्रकं मी लिहून चौकाचौकात वाटली होती. पहिल्याच पानावर मी ठोकून दिलं होतं, ‘सर्व पेशी एकसारख्या व पूर्ण तयार असतात.’

चाचणीसाठी स्वतःहून पुढे आलेला पहिला रुग्ण म्हणजे आमच्या टेक्निशियन रुक्मिणीअक्कांचा धाकटा भाऊ, मैलापूरचे रामोजीराव. अक्का तंजावरकडच्या मराठी. बॅच त्यांनीच वाढवलेली.

फोटोसाठी मी एक रंग लावला. जी पेशी अजून मूळच राहिली असेल ती या रंगाने हिरवी चमकते. हिरवं काहीच दिसणार नाही, तोच आमचा पुरावा, असं मी धरून चालले होते. पण पेशी वाढवायच्या डिशचा मधला भाग इतका गडद की त्यातून उजेडच येईना. म्हणून कडेचा फिकट भाग घेतला.

हिरवे ठिपके. एक नाही, जागोजागी.

“अय्यो, हे काय चमकतंय कण्णा?” अक्का मागे उभ्या होत्या. कण्णा म्हणजे बाळ, मला त्या तशीच हाक मारतात.

“या बदललेल्याच नाहीत अक्का.”

“आणि माझ्या तंबीच्या, धाकट्या भावाच्या डोळ्यात ह्या गेल्या तर?”

“तिथे वाढत राहतील. गाठ होऊ शकते.”

अक्कांनी मला बाजूला सारून स्वतः मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं.

मग मला आमची पद्धत आठवली. नमुना घ्यायचा तो डिशच्या सगळ्यात काळ्या जागेवरून, हा लॅबचा रिवाज. तिथे पेशी तयार झालेल्या नुसत्या डोळ्यांना दिसतात ना! तो नमुना घोटून एकत्र करायचा आणि मशीन सरासरी सांगणार, पास. मी स्वतः आठ महिने हेच करत होते. शितावरून भाताची परीक्षा भातापुरती ठीक आहे. या पेशींची जनुकं एक, डिश एक, खाणं एक. तरी कुठल्या पेशीत कुठलं जनुक किती चालू आहे, ते घटकेघटकेला बदलतं. रसायन आलं त्या क्षणी जी तयार होती ती वळली. जी नव्हती, ती तशीच राहिली. हे आम्हाला पुस्तकात शिकवलं होतं हो! परीक्षेत मार्क मिळवले होते त्यावर.

मी फोटो घेऊन थेट लॅबप्रमुख सरांच्या केबिनमध्ये गेले. अक्काही आल्या.

“रिपोर्ट पास आहे,” सर म्हणाले. “लाखो पेशींत चार हिरव्या. सगळीकडे असतात.”

“मग पत्रकात तसं लिहू, सर?”

“तू इथे सायंटिस्ट म्हणून आलीस की मोर्चा काढायला?”

“गाठ व्हायला चारसुद्धा पुरतात. सरासरीला गाठ होत नाही सर, माणसाला होते.”

“शुक्रवार ठरलाय. हॉस्पिटलला काय सांगू मी?”

अक्कांनी बॅचची वही टेबलावर ठेवली. बॅच वाढवणाऱ्याची सही असल्याशिवाय ती बाहेर जात नाही.

“सर, मी सही करत नाही.”

“भाऊ आहे म्हणून?”

“होय. भाऊ नसता तर मी केली असती. त्याचीच लाज वाटते.”

सरांनी फोटो पुन्हा हातात घेतला. मग फोन उचलून शुक्रवार रद्द केला. बॅच नष्ट झाली. आता नमुना आधी कडेवरून घेतात आणि पेशी एकेक करून तपासतात. पुढची बॅच कधी, कोणी सांगत नाही.

रविवारी मी मैलापूरला गेले. अक्कांनी रामोजीरावांना माझ्या पत्रकाचा कच्चा मसुदा आधीच वाचून दाखवला होता. पहिल्या पानावरची ती ओळ खोटी आहे आणि मी लिहिली आहे, हे मलाच सांगायचं होतं. सगळं सांगितलं. त्यांनी मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. त्यांना तसंच दिसतं.

“मला मधलं दिसत नाही, नुसत्या कडा दिसतात,” ते म्हणाले. “तुम्हा सगळ्यांचं उलटं होतं म्हणायचं. बसा, कॉफी घ्या.”

नव्या पत्रकात ती ओळ नाही. तिच्या जागी लिहिलं आहे, ‘पेशी एकसारख्या नसतात. कशा तपासल्या, ते विचारा.’ भोंदूंना हाच प्रश्न विचारा म्हणून मी चौकात ओरडायचे. स्वतःच्या लॅबमध्ये तो विचारायला मला फोटो लागला.