धाकटीचं खोकं

आमच्या धाकटीने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पॅकेजिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त मी हसलो. "खोकी बनवायला पदवी कशाला लागते गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "बनवायला नाही लागत, दादा. कशी बनवायची ते ठरवायला लागते." मला त्यात फारसा फरक दिसला नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात ती अकरा वर्षं तपासणी विभागात होती. भरलेलं खोकं उंचावरून कोपऱ्यावर आपटायचं, मग कडांवर, मग बाजूंवर, आणि कुठे फाटलं ते लिहून काढायचं. कुणी सांगितलेली कामं ती चोख करायची, पण खोक्याचा आराखडा ठरवणारी माणसं वरच्या मजल्यावर बसत. तिथे एक जागा रिकामी होणार होती. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, पदवी घेऊन ये, जागा तुझी.

मग दोन वर्षं सकाळी कॉलेज आणि दुपारपासून कारखाना. वर्गातली पोरं तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. संगणकावर खोकं उलगडून दाखवताना त्यांची बोटं भराभर चालायची, हिला मात्र घाम फुटायचा. पण हटली नाही. लोकांसमोर बोलायची तिला भयंकर भीती. म्हणून फ्रिजसमोर उभी राहून सराव करायची. फ्रिजला "सर" म्हणताना मी तिला दोनदा पकडलं. तिसऱ्यांदा मीच खुर्ची ओढून समोर बसलो आणि अवघड प्रश्न विचारले. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता.

शेवटचा प्रकल्प होता औषधाच्या काचेच्या बाटल्यांसाठी खोकं, कमी पुठ्ठ्यात पण तितकंच मजबूत. एकदा वर्गातली चार पोरं त्यासाठी घरी आली. मी बावीस वर्षं गोदाम सांभाळतोय. आठ-आठ खोक्यांच्या थप्प्या लावण्यात माझा जन्म गेला. तेव्हा चहा देता देता मीही दोन गोष्टी सांगायला लागलो, तर ही म्हणते, "दादा, आता हे सगळं आकड्यांवर चालतं. तुझे अंदाज राहू देत." पोरं हसली. तीही हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी कप उचलले आणि आत गेलो.

परीक्षेच्या आदल्या रविवारी सकाळी तिने नवा नमुना टेबलावर ठेवला. पहिला नमुना कॉलेजच्या मशीनवर पास झाला होता. पण पुठ्ठ्याच्या एका तक्त्यातून आणखी एक खोकं निघावं म्हणून तिने संगणकावर कापणीची मांडणी बदलली होती. "बघ, पुठ्ठा केवढा वाचला!" तिचा चेहरा फुलला होता. मी खोकं हातात घेतलं आणि कापलेली कड बघितली.

पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये कागदाच्या लाटा असतात. खोकं उभं राहिलं की त्या लाटा उभ्याच हव्यात, कारण वरचं सगळं वजन त्याच पेलतात. मांडणी फिरवताना त्या आडव्या झाल्या होत्या. पडद्यावर ते दिसलं नसेल. मला एका नजरेत दिसलं.

"छान झालंय," मी म्हणालो आणि वर्तमानपत्र उघडलं.

परीक्षकांसमोर मशीनने ते खोकं वरून दाबायला सुरुवात केली. चारशे किलो पेलायला हवं होतं, ते दोनशेच्या आतच बसलं. बाजू फुगल्या आणि मधोमध दुमडल्या. परीक्षक माणसं वाईट नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा या, म्हणाली. कारखान्यातले साहेब मात्र थांबले नाहीत. वरच्या मजल्यावर दुसरा कुणी रुजू झाला.

धाकटी घरी आली ती रडली नाही, की कुणाला दोषही दिला नाही. "अकरा वर्षं पुठ्ठा हाताळते आणि कड बघायची विसरले," एवढंच म्हणाली. ते ऐकून मला जेवण जाईना.

तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. ती ओट्याशी भांडी पुसत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"मला दिसलं होतं," मी म्हणालो. "त्या रविवारीच."

तिचा हात थांबला. ती ओरडेल म्हणून मीच घाईघाईने बोलायला लागलो, "तू त्या पोरांसमोर मला असं..."

"ते माझं चुकलंच," ती म्हणाली. तिने ताटली खाली ठेवली आणि माझ्याकडे वळली. "पण दादा, परक्या कुणाचं खोकं असतं तर?"

परक्याचं असतं तर तिथल्या तिथे त्याला चार शब्द सुनावले असते, आणि नीट करून आणल्याशिवाय गोदामाच्या दारातून आत घेतलं नसतं.