पानात उरलेलं

मी शिकलो ते जाधव सरांमुळे. तालुक्याच्या शाळेत असताना मी त्यांच्याच घरी जेवायचो. पानात काही टाकायचं नाही, हा त्या घरचा नियम होता.

सरांना कर्करोग झालाय, म्हणून परवा भेटायला गेलो. त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होतं. वजन आणखी उतरलं तर पुढची केमो लांबवावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकूंनी नेहमीसारखं भरलेलं ताट पुढे ठेवलं.

"अहो, दोन घास तरी घ्या."

"सगळा पेपर सुटणार नाही, तर हातात घेऊ कशाला?" सर हसून म्हणाले आणि त्यांनी ताट सरकवलं.

या आजारात भूक मरते आणि अंगातलं मांसही झडत जातं, त्यात माणसाचा हट्ट नसतो. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, लहान वाटीत थोडंथोडं द्या, वरचेवर द्या, खुर्चीतून उठबस करवून घ्या. पण भरलेलं ताट ही त्या घरातली मायेची रीत होती. त्याच ताटावर मी वाढलो. आता सरांना त्याचं ओझं होत होतं.

घरी येऊन पत्र लिहिलं:

"सर, यापुढे ताट नको, वाटी घ्या. दोनच घास गेले तरी चालतील. उरलं तर खुशाल उरू द्या. रविवारी येतो, उरलेलं मी संपवीन."