शकुंतलाकाकूंची पापणी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही. गोष्ट तशी हसण्यासारखी आहे. निदान इतकी वर्षं मी तिच्यावर हसतच आलो.

आदिलाबादला माझा फोटो स्टुडिओ आहे. शेजारी शकुंतलाकाकूंचं भाजीच्या बियाण्यांचं दुकान. गोल चेहरा, खळखळून हसणं, आणि गिऱ्हाइकाशी मराठी, तेलुगू, हिंदी एकाच वाक्यात. या बाईंचा धड फोटो मला कितीतरी वर्षं काढता आला नाही. प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले! सत्यनारायणाच्या ग्रुप फोटोत सगळे टकमक बघतायत — आणि मधोमध काकू झोपलेल्या.

मी तेव्हा नवाकोरा एसएलआर कॅमेरा घेतला होता. त्याआधी उस्तादांचा — ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांचा — जुना, साधा रेंजफाइंडर कॅमेरा वापरायचो. तो गळ्यात घालून लग्नात गेलं की कुणी ढुंकून बघत नसे; एसएलआर दिसला की लोक वाट सोडत. पण त्यात एक गोम आहे. एसएलआरमध्ये आपण आतल्या आरशातून, लेन्समधूनच बघतो. बटण दाबलं की आधी आरसा वर उठतो, डोळ्यापुढे अंधार, मग शटर उघडतं. म्हणजे फिल्मवर जो क्षण उतरतो, नेमका तोच आपल्याला दिसत नाही! रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी असते. फ्लॅश पडतानाही समोरचा माणूस दिसत राहतो. "इसमें बटन जरा पहले दबाना, बेटा," उस्ताद एसएलआर हातात घेऊन म्हणाले होते. मी कुठला ऐकतोय? मी ऐटीत एक, दोन, तीन मोजायचो — आणि तीन म्हणून झाल्यावर दाबायचो.

एकदा काकूंनी विचारलंच. "काऊन रे गजू, माह्येच डोळे काऊन मिटतात?"

दुकानात चार माणसं उभी होती. मी म्हणालो, "काकू, तुमच्या डोळ्यातच दोष हाये. कॅमेरा तरी काय करते?"

सगळे हसले. काकू सगळ्यात जास्त.

त्यानंतर कॅमेरा दिसला की त्या बाजूला सरकायच्या. "मी नाई बापा, फोटो खराब होते." मुलीच्या, वंदनाच्या लग्नातही तेच. कन्यादानाला बसल्या तेव्हासुद्धा पदर पुढे ओढून मान खाली. मी म्हणालो का — काकू, वर बघा? नाही. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

तीन वर्षांनी वंदनाच्या बाळाचं बारसं होतं. एसएलआर दुरुस्तीला गेलेला, म्हणून रेंजफाइंडर नेला. वंदनाने हट्टाने आईला पाळण्याशी उभं केलं. मी मोजलं. आणि पहिल्यांदा मला दिसलं — तीनपर्यंत डोळे टक्क उघडे, आणि तीन संपल्याबरोबर, सांगितलेलं काम झालं म्हणून, पापणी खाली. माझं बोट त्यानंतर हललं. फ्लॅश मिटल्या डोळ्यांवर पडला.

बाकीचे घाबरून बघतच राहायचे. काकू तेवढ्या शहाण्यासारखं ऐकायच्या. उशीर माझा होता — थोडा आरशाचा, बराचसा बोटाचा.

दुसऱ्या वेळी मी 'तीन' म्हणता म्हणताच दाबलं. फोटो असा आला म्हणता — काकूंचं हसू चौकटीत मावेना! हातात घेऊन त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. "आज कसे उघडे राह्यले रे?"

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य. काय अवघड होतं?

मी म्हणालो, "तुमच्या पापणीवर ध्यान ठेवून थांबलो, काकू. कसब लागते त्याले."

हे — हेच सांगायचं होतं. दोष त्यांच्या माथी मी मारला, आणि तो दूर केल्याचं श्रेयही मीच घेतलं. तेव्हापासून दर दिवाळीला अनारशांचा डबा येतो. मी खातो. फार छान असतात.

गेल्या महिन्यात वंदना आली. लग्नातला आईसोबतचा एखादा फोटो मोठा करून हवा होता. जुन्या निगेटिव्ह दिवसभर उजेडासमोर धरून पाहिल्या. एकीत कन्यादानाचं पाणी सोडणारे काकूंचे हात सापडले, कोपरापर्यंत बांगड्या, आणि वर पुढे ओढलेला पदर. चेहरा कुठेच नाही.

"राहू द्या दादा," वंदना हसून म्हणाली, "आईचे डोळेच तसे हायेत."

मी मान हलवली. हो म्हणून.