टोनीच्या आईचे नखुले

पास्त्याच्या आकारांवर मी शिकागोजवळच्या शॉमबर्गमधला अधिकारी माणूस होतो. (आमच्या मित्रमंडळापुरता. तिथे बाकीचे सगळ्यालाच मॅकरोनी म्हणत!) नळीवरच्या रेघा सॉस धरून ठेवायला, शिंपल्यांच्या पोटात भाजी अडकायला, असं इंटरनेटवर वाचलेलं ज्ञान मी ऑफिसात लंचला न विचारता वाटत असे.

तिथेच घात झाला. माझा मॅनेजर टोनी इटालियन घराण्यातला, आणि माझे ग्रीन कार्डाचे कागद सहीसाठी त्याच्याच टेबलावर पडलेले. त्याने एक पिशवी आणून दिली. दक्षिण इटलीत वाढलेल्या त्याच्या आईने, रोझाबाईंनी, अंगठ्याने दाबून केलेला कानाच्या आकाराचा पास्ता!

"शनिवारी मॉमला घेऊन येतो. तू शिजव, एक्स्पर्ट!"

शनिवारी मी चीज घेऊन घरी आलो, तर दारातच वेलदोड्याचा वास. पुण्याहून आलेली आई प्रसन्न चेहऱ्याने पातेलं ढवळत होती.

"अरे, नखुले कुणी पाठवले? गव्हले नाहीत, शंखुले नाहीत, नुसते नखुलेच! लग्न कुणाचंय?"

"आई! तो पास्ता होता!"

"काहीतरीच! तुझ्या मुंजीत ढीगभर केलेत मी, नखाने दाबून दाबून. खीर केलीय छान. जरा जाड आहेत, करणारीला सांग."

"करणारी आत्ता जेवायला येतेय!" मी किंचाळलो.

"रिलॅक्स यार, पिझ्झा ऑर्डर करू," बायको म्हणाली. इटालियन बाईला पिझ्झा, तोही शिकागोचा! माझं ग्रीन कार्ड मला खिरीत बुडताना दिसलं. तेवढ्यात बेल वाजली.

वाट्या समोर आल्यावर मी ठोकून दिलं, "ही दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांताची पारंपरिक डिश आहे. तिथे सणाला हा पास्ता गोडच करतात!"

रोझाबाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "माझा जन्म पुलियातलाच."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. रोझाबाईंनी एक चमचा चाखला. मग वाटी संपवली. मग आईकडे बघून हवेतच अंगठा दाबून दाखवला. आईने नख दाबून दाखवलं.

"घ्या हो, लाजू नका!" आईने वाटी पुन्हा भरली. थोड्या वेळाने दोघी ओट्याशी कणीक चिमटत उभ्या होत्या, आणि एक्स्पर्ट भांडी घासत होता.

सोमवारी टोनीने सही केली. "मॉम म्हणते, तुझी आई पुन्हा अमेरिकेत यायला हवी. तेव्हा तुला इथून जाऊ द्यायचं नाही."

अर्जात माझ्या नावापुढे 'विशेष कौशल्य' असं लिहिलं होतं. ते नेमकं कुणाचं, हे मी अमेरिकन सरकारला अजून कळवलेलं नाही!