काटा अडीचवर राहीना

गाडीला चढावर दम लागत होता. मलाही लागतो, पण मला कुणी भंगारात घालायला निघालं नव्हतं. गाडीला निघालं होतं. पोरगा शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "आबा, रविवारपर्यंत बघा. भुशीचा चढ न थांबता चढली तर राहू द्या. नाहीतर मी भंगारवाल्याला फोन करतो."

त्याची चूक न्हाई. आठ दिवसांआधी कार्ल्याच्या पुढं हमरस्त्यावर गाडी मधीच बसली आणि मागनं ट्रक आला. ट्रकवाला शिव्या घालत बाजूनं गेला म्हणून मी आज हे लिहितोय. पोराची आई वैशाखात गेली, आता बापही रस्त्यावर जायचा, असं त्याच्या मनात आलं असणार. बोलला न्हाई. आमच्या घरात असलं कुणी बोलत न्हाई.

गाडी परदेशी, पस्तीस वर्षांची. लोणावळ्यात एका बंगल्यावर मी ड्रायव्हर होतो. मालक देश सोडून गेले तवा गाडी माझ्या नावावर करून गेले. शाळा माझी चौथीपर्यंत, पण ही गाडी मला पाठ. हिला कार्बोरेटर न्हाई, इंजेक्शन आहे. मागं टाकीजवळचा पंप पेट्रोल दाबानं पुढं ढकलतो आणि इंजिनात ते बारीक फवाऱ्यानं पडतं. दाब अडीच किलो पायजे. कमी पडला की इंजिन उपाशी.

तर शनिवारी सकाळी पेट्रोलच्या लाइनीवर दाबाचा मीटर चढवला आणि चावी मारली. काटा झटकन अडीचवर! पंधरा मिनिटं चालू ठेवली, हलेना. म्हणजे दारात ठणठणीत आणि रस्त्यावर आजारी. असला रोग सापडला की माझे हात शिवशिवायला लागतात. वैशाखापासून पहिल्यांदा मला भूक लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

रोग रस्त्यावर होता, तर मीटरही रस्त्यावर न्यायला पायजे. लांब नळी जोडून मीटर बाहेरून पुढच्या काचेवर चिकटपट्टीनं बसवला. पण चालवू मी, तर वाचणार कोण? पोरगा कंपनीत गेलता. सून शाळेत शिकवते, तिला दिवाळीची सुट्टी होती. म्हटलं, "चल."

"आबा, फराळाचं राहिलंय."

"चकल्या पळून जात न्हाईत."

ती पदर खोचून बसली आणि हजेरी घेतल्यासारखी वाचायला लागली. "अडीच. अडीच. अडीच." दोन्ही बाजूंना भात पिवळं झालंतं, कुटं कुटं कापणी चाललीती. दहा मिनिटं झाली आणि तिचा आवाज बदलला. "आबा, दोन पूर्णांक पंचवीस शतांश."

"पूर्णांक कशाला? सव्वादोन म्हण!"

"सव्वादोन. दोन. आबा, पावणेदोन! दीड!"

इंजिन धडधडलं, गाडीनं मान टाकली. मी कडेला घेतली. सून घाबरली होती आणि मी मांडीवर थापा मारत होतो. "घावला! दाबच पडतोय!"

"मग बरं झालं का वाईट?" तिनं विचारलं.

"लय बरं झालं!"

घरी आणून फिल्टर नवा टाकला. पंपाला थेट बॅटरीची तार दिली, म्हटलं करंट कमी पडत असंल. जादाचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी पकडीनं दाबून बघितली, काटा झटक्यात वर गेला, म्हणजे पंपात जोर होता. पुन्हा रस्त्यावर. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा दीड. सून म्हणाली, "वर्गात एक मुलगा आहे असा. घरी सगळं येतं, पेपरात काही नाही."

तसंच रडतखडत पेट्रोल पंपावर गेलो. तिथल्या माणसानं टाकीचं झाकण फिरवलं आणि आतून आवाज आला, सूंऽऽऽ! तो दोन पावलं मागं सरला. पेट्रोल भरून निघालो तर काटा अडीचवर, गाडी घोड्यासारखी. दहा मिनिटांनी परत दीड.

मी थांबलो. पेट्रोल भरलं न्हाई, काय न्हाई, नुसतं झाकण उघडलं. सूंऽऽऽ! लावलं, निघालो. अडीच!

"सूनबाई," मी ओरडलोच, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर काय होतं?"

"तेल अडकतं. दुसरं भोक पाडावं लागतं, हवा आत जायला."

"मग? टाकीला हवाच मिळंना! पंप ओढतोय, टाकी सोडंना!"

टाकीला हवा घ्यायला एक करंगळीएवढी नळी असते, मागच्या चाकाच्या वर. घरी येऊन जॅक लावला, खाली ठोकळे दिले, आत शिरलो. चिखल खरवडला. नळीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली. माझी गाठ. मेस्तरी माणसाची, घट्ट.

आमच्याकडं जूनचा पाऊस लागायच्या आधी सगळं झाकतात. स्विचबोर्ड, मोटर, शिलाईचं मशीन. गाडी दरवर्षी पोराची आई झाकायची. मी कदी बघितलंही न्हाई, बायकांचं काम म्हणून. यंदा मीच झाकली. रागानं झाकली. दिसंल त्या भोकाला पिशवी बांधली, पाणी कुटूनच शिरता कामा न्हाई म्हणून. पाऊस सरल्यावर सगळं सोडलं, ही एक आत राह्यली.

सून वाकून बघत होती. म्हणाली, "आई ही मोकळी सोडायच्या. तोंड खाली वळवून ठेवायच्या नुसतं."

"तुला काय ठावं?"

"मला दाखवलं होतं. म्हणाल्या, ही बांधायची नाही, गाडी गुदमरते."

"मग बोलली का न्हाईस?"

"आबा, जूनमध्ये तुम्ही शेडमध्ये पाय ठेवू दिलात का कुणाला?"

न्हाई दिला. खोटं कशाला बोलू? वीस वर्षं बायकोला म्हणत आलो, तुला गाडीतलं काय कळतंय. तिनं कदी उलटून सांगितलं न्हाई. नळी मात्र मोकळी ठेवली.

मग पट्टी कापली.

रविवारी उजाडता पोराला शेजारी बसवलं. पर्यटक उठायच्या आत भुशीला पोचलो. चढ सुरू झाला. मी पाय दाबला.

"काय म्हणतोय काटा?"

"अडीच. आबा, जरा हळू."

"काटा वाच!"

"अडीच. अडीच! आबा, वळण!"

वळणही घेतलं, पुढचा उभा चढही घेतला. मधी दोन कुत्री आडवी आली, तरी इंजिन बसलं न्हाई. माथ्यावर पोचलो तवा मी लहान पोरासारखा हॉर्न वाजवत होतो आणि पोरगा काचेवर बोट ठेवून अजून अडीच अडीच करत होता.

उतरलो. दरीतनं वारा येत होता. त्यानं फोन काढला. मला भंगारवालाच आठवला. पण त्यानं बायकोला लावला होता. "चढली," म्हणाला. "हो, न थांबता."

मी त्याला म्हटलं, "येत्या जूनला गाडी तुझी बायको झाकंल. मी हात लावणार न्हाई."

"आणि तुम्ही काय करणार?"

"उभा राहून बघीन."

तो गाडीला फेरी मारून माझ्या बाजूला आला आणि हात पुढं केला. "उतारावर मी घेऊ?"

चावी दिली. घाट उतरस्तोवर क्लच हळू सोड म्हणून चारदा ओरडलो त्याच्यावर.