काचेवर न उमटलेलं तोंड

आधी माझ्याकडं साधी पेटी होती. खटका दाबला की फोटो. पोळ्याची बैलं, धारूरच्या किल्ल्याचा दरवाजा, पारावरची म्हातारी माणसं, जे समोर येईल ते मी काढायचो आणि ते बरं यायचं. गावात लई कौतुक व्हायचं. ते माझ्या डोक्यात गेलं. मोमिनाबादच्या छावणीतला एक अंमलदार बदली होऊन हैदराबादला निघाला, तेव्हा त्याचा मोठा कॅमेरा मी हट्टानं घेतला आणि बैलांच्या दमणीत घालून घरी आणला. तीन पायांची घोडी, लोहाराच्या भात्यासारखं पुढंमागं होणारं अंग, आणि मागं धूसर काच. डोक्यावर काळं फडकं घेऊन त्या काचेत बघायचं. समोरचं माणूस उलटं दिसतं, डोकं खाली. भाता पुढंमागं करत ते स्वच्छ दिसेपर्यंत जुळवायचं आणि मग चित्र धरणारी काच मागं सरकवायची.

मोठी पेटी आली अन् माझी अक्कल गेली. एक काच काळीठिक्कर, तर दुसरी कोरी. मी आधी काचांना शिव्या घातल्या, मग विहिरीच्या पाण्याला, मग उन्हाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मी मुळातच तापट. त्या दिवसांत घरातली माणसं माझ्यापुढं यायला कचरायची.

माझं हे दुसरं लग्न. पहिली बाळंतपणात गेली, मूलही गेलं. तेव्हा घरात साधी पेटीसुद्धा नव्हती, म्हणून तिचं तोंड कुठंच राहिलं नाही. राहिला तो चांदीचा टाक. पहिली गेली की सोनाराकडून तिच्या नावाचा टाक ठोकून घ्यायचा आणि दुसरीनं तो गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. कुंकू आधी टाकाला, मग स्वतःला. नवं लुगडं आधी टाकाला टेकवायचं, मग नेसायचं. सवतीनं छळू नये म्हणून. टाकावरची बाई सोनाराच्या ठशातली असते, तिच्यात माझ्या बायकोचं काहीच नव्हतं.

दुसरीला सातवा महिना लागला. एका दुपारी मी पेटीवरची धूळ पुसत होतो, तर ती दारात येऊन उभी राहिली. एरवी काही मागणारी नव्हती ती.

"बाळंत व्हायच्या आधी माझा एक फोटो काढा," ती म्हणाली. "थोरलीचं तोंड आता तुमाला तरी आठवतं का? माझं तसं व्हायला नको."

कसलं अभद्र बोलतेस म्हणून मी तिच्यावर खेकसलो. पण ती बोलली ते खोटं नव्हतं. थोरलीचं तोंड मला खरंच आठवत नव्हतं. चारदोन वर्षं जिच्या हातचं जेवलो तिचे डोळे कसे होते, ते सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तिला ओसरीत बसवलं. फडक्याखाली शिरलो, जुळवलं, काच सरकवली आणि तीन आकडे मोजेपर्यंत हलू नको म्हणालो. ती पुतळ्यासारखी बसली. मग मी धान्याच्या कोठीत गेलो, दार लावून फटींत गोधड्या कोंबल्या, लाल कंदील लावला आणि परातीतल्या औषधात काच सोडली. सगळ्यात आधी टाक वर आला. मग खांदे, लुगड्याचे काठ, हात. तोंड काही येईना. आलं तेव्हा ते धुरकट, पुसल्यासारखं. उन्हात कागदावर छाप घेतला, तर टाकावरच्या बाईचे मोहरीएवढे डोळे लख्ख, आणि माझ्या बायकोच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन खळग्या.

ती हलली असेल म्हणून मी तिच्यावर चिडलो. ती म्हणाली, श्वाससुद्धा घेतला न्हाई. पुन्हा काढला. पुन्हा तेच. तिसऱ्या काचेच्या वेळी कोठीत शिरतानाच काय दिसणार ते मला ठाऊक होतं. परातीत ती चांदीची बाई हळूहळू वर आली, माझ्याकडं बघत. मी कंदील तसाच टाकून बाहेर पळालो. जमीनजुमला सांभाळणारा गावचा पाटील मी, भरदुपारी भ्यालो होतो.

आमच्याकडं माझी विधवा आत्या असायची. तिनं ते छाप बघितले आणि कपाळाला हात लावला. थोरली हिला पुढं येऊ देत न्हाई, म्हणाली. टाक काढून एकदा फोटो काढू का, असं मी विचारलं, तर आत्याच्या आधी बायकोच ओरडली आणि तिनं टाक मुठीत धरला. पोटुशी बाई, तो काढायची हिंमत कोण करणार!

त्या दिवसापासून बायकोनं आरशात बघणं सोडलं. पहिला घास टाकापुढं ठेवायची आणि मग तिला दुसरा जायचा नाही. टाक अंगाला गरम लागतो म्हणायची. सकाळी उठली की दोन्ही हातांनी आपलं तोंड चाचपायची, आहे ना जागेवर म्हणून. नऊ महिने ही काढते की नाही, याची मला धडकी भरली.

छाप आणि काचा घेऊन मी मोमिनाबादला गेलो. तिथं रिसाल्यातल्या घोडेस्वारांचे फोटो काढणारे एक म्हातारे मियाँ होते. त्यांनी काच उजेडासमोर धरली आणि हसले.

"मशीन का कुछ कसूर नै, पटेल. तुम तो जेवर कू देख रहे. बीबी कू देखेच नै."

मग त्यांनी नीट समजावलं. मोठ्या भिंगाला एका वेळी एकाच अंतरावरचं स्वच्छ दिसतं. टाक छातीवर पुढं, तोंड वीतभर मागं. ओसरीच्या अंधारात चकाकणारा टाक जुळवायला सोपा, म्हणून मी दरवेळी त्यावरच जुळवत होतो. डोळ्यावर जुळवा, म्हणाले, आणि भिंगाचं तोंड बारीक करा.

घरी येताच तिला बसवलं. फडक्याखाली तिचे डोळे शोधले. तिच्या डाव्या पापणीवर तीळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. छाप उन्हातून उचलला तर तोंड असं लख्ख आलं होतं की मी अंगणातनं तसाच धावत गेलो. भूत नाही, बाधा नाही, माझीच चूक, दरवेळी मी टाकावर जुळवत होतो, असं हसत हसत सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही पोटभर जेवेल.

तिनं फोटो लई वेळ बघितला. तीळ बोटानं चाचपला.

"म्हंजे सवत मधी आलीच नव्हती," ती म्हणाली. "तुमीच तिच्याकडं बगत होते."

टाक चकाकायचा म्हणून, असं मी म्हणालो.

"सवत आसती तर बरं झालं आसतं," ती म्हणाली. "तिच्यावर उतारा तरी हाय."